खझर राजाचा प्रश्न

सिनेगॉगमध्ये तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचायची वेळ झाली की एकेकाला नावानं पुढे बोलावतात. तो वर येतो, चर्मपत्राच्या गुंडाळीवर जिथून वाचन सुरू व्हायचं तिथे आपल्या प्रार्थनेच्या शालीचा गोंडा टेकवतो, तोच गोंडा ओठांना लावतो आणि एक छोटं स्तुतिवचन म्हणतो. आशय एवढाच, की सगळ्या लोकांमधून आम्हाला निवडून ज्यानं आपली तोरा आम्हाला दिली तो धन्य असो. सगळी अडचण यातल्या ‘निवडून’ या शब्दात आहे. शंका घेणारा विचारतो, “देव साऱ्या विश्वाचा एकच असं तुम्ही म्हणता, आणि त्यानं आम्हालाच निवडलं असंही म्हणता. मग उरलेल्या जगानं काय समजायचं?” हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारला तसा ज्यूंनीही स्वतःला पुन्हा पुन्हा विचारला आहे. निवड मान्य करावी तर गर्वाचा ठपका येतो. नाकारावी तर शब्बाथ पाळायचा, आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची, ताटात काय येईल यावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा ठेवायचा, हे सगळं कशासाठी, याचं उत्तर हातातून निसटतं. माझं म्हणणं असं, की निवड म्हणजे कर्तव्य की मोठेपणा याचा निकाल ग्रंथातल्या व्याख्येवर लागत नाही. आपल्यात कोणाला घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार हाती आल्यावर माणसं कशी वागतात, तिथे तो लागतो.

आधी ग्रंथ पाहू, कारण गर्वाचा आरोप करणारे तो सहसा पुरता वाचत नाहीत. तोरेतल्या, मोशेच्या तोंडी असलेल्या ‘अनुवाद’ या ग्रंथात लोकांना बजावलं आहे, की तुम्ही संख्येनं मोठे म्हणून तुमची निवड झालेली नाही, तुम्ही तर सर्वांत थोडे. पुढे आणखी कठोरपणे सांगितलं आहे, की तुमच्या सदाचरणामुळेही नाही, तुम्ही तर ताठ मानेचे लोक आहात. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावच्या आमोस या मेंढपाळानं तर निवडीचा सगळा अर्थ एका ‘म्हणून’वर तोलला. पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांत तुमचीच ओळख मी ठेवली, म्हणून तुमच्या अपराधांचा जाब मी तुम्हालाच विचारणार, असा त्याच्या देवाचा निरोप. तुम्हाला मिसर देशातून बाहेर काढलं तसं पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून मीच आणलं, हेही त्यानं ऐकवलं. पलिष्टी आणि अरामी म्हणजे इस्राएलचे हाडवैरी. त्यांनाही निर्गमनाचा इतिहास आहे आणि तो त्याच देवानं घडवला, हे ऐकणाऱ्यांना किती झोंबलं असेल! रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, तालमूद या ग्रंथात तर अशी कथा येते की देवानं सिनाय पर्वत उचलून पालथ्या पिंपासारखा लोकांच्या डोक्यावर धरला आणि सांगितलं, तोरा स्वीकारा, नाहीतर इथेच तुमची थडगी होतील.

शंका घेणारा इतक्यावर गप्प बसत नाही, आणि बसूही नये. “निवडीला ओझं म्हणणं हीदेखील गर्वाचीच एक तऱ्हा. गोऱ्या राज्यकर्त्यांनी आपल्या साम्राज्यालाही ओझंच म्हटलं होतं.” आक्षेप वजनदार आहे. तरी दोन ओझ्यांत फरक आहे. साम्राज्याचं ओझं दुसऱ्याला सुधारण्यासाठी होतं, त्यामुळे ते नेहमी दुसऱ्याच्याच पाठीवर पडलं. तोरेच्या ६१३ आज्ञा ज्यूनं स्वतः पाळायच्या आहेत. इतरांसाठी रब्बींनी नोहाच्या सात आज्ञा पुरेशा मानल्या आणि सर्व राष्ट्रांतल्या सज्जनांना परलोकात वाटा आहे असं सांगितलं. तुम्ही आमच्यासारखे व्हा, असा आग्रह त्यात नाही. पण ज्याला स्वतःहून यायचंच आहे त्याचं काय? खरी परीक्षा इथे सुरू होते, आणि इथे परंपरेतच दोन वाटा फुटतात.

बाराव्या शतकात स्पेनमधल्या यहूदा हालेवी या कवीनं अरबी भाषेत ‘कुझारी’ हा ग्रंथ लिहिला. तो संवादाच्या रूपात आहे. खझर लोकांचा राजा सत्य धर्माच्या शोधात एका रब्बीशी बोलतो आणि त्या ओघात ज्यू होतो. मात्र याच राजाला रब्बी तोंडावर सांगतो, की बाहेरून येणाऱ्याला आमच्या भाग्यात वाटा मिळेल, पण तो आमची बरोबरी करू शकणार नाही. हालेवीच्या मते निवड वंशातून उतरते, बीजातून येते. त्याच शतकात, त्याच स्पेनमध्ये जन्मलेल्या मायमोनिदीझला ओबद्या नावाच्या एका धर्मांतरितानं पत्र पाठवून विचारलं, की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ हे शब्द मी उच्चारू शकतो का? माझे पूर्वज तर वेगळे होते. मायमोनिदीझचं उत्तर निःसंदिग्ध होतं. सगळी प्रार्थना आहे तशी म्हण, एक शब्दही बदलू नकोस. जो या मार्गावर आला त्याचा पिता अब्राहाम, तुझ्यात आणि आमच्यात काही भेद नाही. मी मायमोनिदीझच्या बाजूनं आहे, आणि मला वाटतं शास्त्रही आहे. दावीद राजाची पणजी रूथ ही मवाबी होती, परकी होती, हे शास्त्रानं लपवलं नाही, उलट तिच्या नावाचं एक पुस्तकच जपलं.

तरीही हालेवीकडे परत यावं लागतं, कारण सर्वांत धारदार प्रश्न त्याच्याच ग्रंथात आहे. रब्बी म्हणतो, आमची दीनावस्था पाहून आम्हाला तुच्छ लेखू नका, इतर धर्मही दीनतेचाच गौरव करतात. त्यावर राजा उत्तरतो, तुमची नम्रता स्वखुशीची असती तर हे पटलं असतं. ती तुमच्यावर लादलेली आहे, आणि सत्ता हाती आली तर तुम्हीही शत्रूंना मारलंच असतं. यावर रब्बी वाद घालत नाही. राजा, तू आमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस, अशी कबुली तो देतो. आपल्याच पक्षाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथात ही कबुली येऊ देणाऱ्या हालेवीविषयी मला खोल आदर वाटतो. त्याच्या वंशाच्या सिद्धांतापेक्षा हा एक क्षण मोलाचा आहे.

“मग हा शब्दच का टाकून देत नाही?” अमेरिकेत मॉर्डेकाय काप्लान यांनी नेमकं तेच केलं. १९४५मध्ये आलेल्या त्यांच्या प्रार्थनापुस्तकात निवडीचे शब्द वगळले होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या सनातनी रब्बींनी त्यांना बहिष्कृत केलं आणि त्या पुस्तकाची एक प्रत जाळली गेली. युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले होते, त्या राखेवर हे घडलं, ही गोष्ट वाचताना आजही जीव कळवळतो. काप्लान यांचा हेतू निर्मळ होता. ज्या भाषेतून श्रेष्ठत्वाचा वास येऊ शकतो ती आपल्या मुलांना शिकवू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण दुखणं त्या शब्दात नाही असं मला वाटतं. तो शब्द न उच्चारताही माणसाला दाराबाहेर ठेवता येतं. याचा पुरावा आपल्या कोकण किनाऱ्यावरून इस्राएलला गेलेल्या लोकांनीच दिला आहे.

या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले. घाण्यावर तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. जवळ पुस्तक नव्हतं, रब्बी नव्हता. होता एक शमा, देव एक आहे हे सांगणारा पाठ, आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी ते तोच म्हणत. दावीद रहाबी नावाच्या परक्या ज्यूनं त्यांची पारख केली ती कथा प्रसिद्ध आहे. त्यानं बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. रांधायला बसलेल्या बाईच्या बोटांत राहिलेली ही तोरा! इतकं जपून हे लोक १९४८नंतर इस्राएलला गेले, तेव्हा तिथे ज्यूंचे विवाह रब्बींच्या अधिकारात होते आणि नागरी विवाहाची सोय नव्हती. १९६२मध्ये मुख्य रब्बी मंडळाकडून सूचना निघाली, की बेने इस्राएल वधू-वरांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. सत्ता आली तर काय कराल, हा खझर राजाचा प्रश्न विवाहनोंदणीच्या कागदावर उतरला. बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला, आणि मग त्या सूचनेतून त्यांचं नाव निघालं.

रब्बींच्या बाजूनं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांचा आक्षेप वर्णाचा नव्हता, धर्मशास्त्राचा होता. इतकी शतकं रब्बींशिवाय राहिलेल्या समाजात घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील का, आणि नसतील तर पुढच्या संततीचं काय, ही त्यांची चिंता होती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण रब्बींशिवाय दीर्घकाळ राहिलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न लागू होतो. एकाच समाजाचं नाव लिहून तो विचारला गेला, तेव्हा निवडीचा भार वाहणाऱ्यांकडेच वंशाचा दाखला मागितला गेला. आमोसचा ‘म्हणून’ तिथे उलटा वाचला गेला: ज्यांनी पाळलं त्यांनीच जाब द्यायचा, आणि जाब मागणारे देवाच्या जागी.

“आणि हे भोगलेले लोक स्वतः त्या परीक्षेत उतरले होते का?” शंका घेणाऱ्याचा हा शेवटचा प्रश्न टाळता येत नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांत गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असे दोन भेद होते. काळे ते मिश्र संबंधांतून आलेले असं मानत, आणि दोघांत बेटीव्यवहार नव्हता. शमा दोघांचा एक, शनिवार दोघांचा एक, घाणा दोघांचा त्या दिवशी बंद. तरी लग्न जमवायची वेळ आली की गोरा इस्राएल घराणं समोरच्याची आजी कोण होती, हे विचारत असे.