टाइम प्लीज

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत मोबाइलवरचा लुडो रंगतो. एक फोन, चार भिडू, मध्ये कुणाची तरी बॅग टेबलासारखी. पाटसला मांडलेला डाव यवतला ऐन भरात येतो. हडपसर आलं की जिंकत आलेलाही मुकाट्यानं उतरतो. डाव मोडतो, कुणाचं काही बिघडत नाही.

मी मोबाइल गेम रचतो. आज खेळलेला माणूस उद्या परत यावा म्हणून काय करायचं, ते माझं काम. पॉइंट, लेव्हल, सलग दिवसांची स्ट्रीक. गेल्या उन्हाळ्यात हीच विद्या मी घरात वापरली.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती शिरूरला भावाकडे होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि ती टाळायची. मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला तक्ता आखला आणि नऊ वर्षांच्या पुतणीच्या हाती दिला. आजीला वेळेवर गोळी दिली तर ५ पॉइंट, अंगणात फेरी मारून आणली तर १०, सलग सात दिवस झाले तर ५० जादा. दोन आठवडे सगळं झकास चाललं. आई चालू लागली, मी स्वतःवर खूश.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आई म्हणाली, "आज नको गं, पाय ठणकतोय."

"आजी, माझी स्ट्रीक तुटेल ना!" पुतणी रडवेली झाली.

आई उठली. भिंतीला धरून, ओठ आवळून तिनं फेरी पूर्ण केली. पुतणीनं तक्त्यावर १० लिहिले. मी दारात उभा राहून बघत होतो. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिच्या आजीची मी लेव्हल करून टाकली होती.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा गाभा असा: गरज नसलेले अडथळे आपणहून पत्करणं म्हणजे खेळ. क्रिकेटमध्ये चेंडू हातात धरून सीमारेषेपलीकडे नेऊन ठेवता आला असता, पण आपण बॅट घेतो. या व्याख्येला आईची फेरी लावून बघा. तिचं दुखणं कुणी मजेसाठी मांडलेला अडथळा नव्हता, आणि तिनं या खेळात नावही दिलं नव्हतं. मग तो खेळ कसला? हसऱ्या चेहऱ्याची सक्तीच ती.

आपल्या गल्लीतल्या खेळांना हे फार आधी कळलं होतं. धाप लागली, चप्पल तुटली, आईनं हाक मारली, की 'टाइम प्लीज'. राज्य असलेला भिडूसुद्धा थांबायचा. धाकट्या भावंडाला घ्यावंच लागलं तर ते 'कच्चा लिंबू': सगळ्यांबरोबर पळायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. थकलेल्याला थांबता यावं आणि दुबळ्याला बाहेर बसावं लागू नये, याची सोय पोरांनी नियमांतच करून ठेवली होती.

आता रात्री जेवण घेऊन येणाऱ्या पोराच्या ॲपकडे बघा. इतक्या ऑर्डरी पूर्ण केल्या तर बोनस, अजून दोनच बाकी. दिसायला गेमच. पण पाऊस आला, ताप आला, तर त्यात टाइम प्लीज कुठाय? पन्नाशीचा माणूस त्याच रस्त्यावर असेल, तर तो कच्चा लिंबू होऊ शकतो का?

म्हणून पॉइंट वाईटच, असं मी म्हणणार नाही. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या ३ तालुक्यांत सुरू झाला. उन्हाळ्यात साधारण दीड महिना श्रमदान, गुण, बक्षीस. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. तिथेही चुरस होती, ऊन होतं, फोड आलेले हात होते. पण गावानं नाव आपणहून दिलेलं असायचं, शेवटची तारीख ठरलेली असायची, आणि गुण विसरले तरी खोदलेले चर राहायचे. पाऊस पडला की पाणी गुणपत्रिका विचारत नाही.

फरक मला इथे दिसतो. चांगला खेळ संपतो आणि मागे काहीतरी ठेवून जातो. स्ट्रीक संपू नये म्हणूनच रचलेली असते. मागे उरते ती फक्त तुटण्याची भीती. हे मी सांगतोय, कारण ती भीती रचण्याचा मला पगार मिळतो.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता काढायला गेलो. पुतणीनं विचारलं, "मग आता आजीला फिरवलं तर काय मिळणार?" या प्रश्नावर मी गप्प. हा प्रश्न तिला मीच शिकवला होता.

उत्तर आईनं दिलं. "तक्ता राहू दे. पण नियम मी करणार." स्ट्रीक बंद. आठवड्यात दोनदा आजीला टाइम प्लीज, कारण विचारायचं नाही. आणि जूनमध्ये शाळा उघडली की डाव संपला.

जूनमध्ये तक्ता खरंच उतरला. त्या दोघी अजून फिरायला जातात. रोज नाही. किती वेळा, ते आता कुणी लिहून ठेवत नाही.