जिंकण्याची इच्छा पाप आहे का?



शालेय बास्केटबॉल स्पर्धा जवळ आल्या, की आपल्या छत्रपती संभाजीनगरातील खेळाडू मुले सरावावरून उशिरा, दमून घरी येतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण त्यांना नम्रता शिकवतो आणि सामन्याच्या दिवशी मात्र ‘जिंकूनच ये’ असे सांगतो. या दोन्ही गोष्टी एका मनात नांदू शकतात का?

या खेळाचा जन्म कसा झाला, हे पाहिले तर उत्तराची दिशा सापडते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे १८ दांडगट विद्यार्थ्यांचा वर्ग होता. थंडीमुळे खेळ छपराखालीच घ्यावा लागे. पण मैदानी खेळ आत आणले की धक्काबुक्की होऊन इजा होई. नेस्मिथ यांनी ठरवले, की चेंडू घेऊन पळायचेच नाही. मग पळणाऱ्याला पाडण्याचे कारणच उरले नाही. पीच फळाच्या टोपल्या त्यांनी उंच टांगल्या, म्हणजे जोरापेक्षा नेमाला महत्त्व आले. त्यांच्या १३ नियमांनी चुरस तशीच ठेवली, फक्त दुसऱ्याला दुखावण्याचे कारण काढून टाकले.

मुलांच्या मनाचेही असेच करायला हवे. जिंकण्याची ओढ मारून टाकायची नाही, तिला नियम द्यायचा. संत पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचा दाखला देताना बक्षीस मिळेल असे धावायला सांगितले आहे. जून २०१८ मध्ये व्हॅटिकनने खेळाविषयी जो दस्तऐवज काढला, त्याच्या नावाचा अर्थच ‘आपले सर्वोत्तम देणे’ असा आहे. हातचे राखून खेळणे ही नम्रता नव्हे. तो समोरच्या संघाचा अपमान आहे. तगडा प्रतिस्पर्धी नसेल, तर आपल्या मुलाला स्वतःची ताकद कधी कळणार?

खरा मोह मैदानाबाहेर असतो. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे १४ वर्षांखालील गटात मोठ्या मुलाला घुसवावे, असे कुणाला वाटू शकते. हा मोह मुलाला नव्हे, आपल्याला, म्हणजे पालकांना होतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जी जन्मतारीख आहे, तीच स्पर्धेच्या अर्जावर असली पाहिजे.

‘दुसरे करतात, मग आमच्याच मुलाने का हरावे?’ असे कोणी विचारील. हा प्रश्न खोटा नाही आणि असे हरणे फार बोचते. रीतसर तक्रार जरूर करावी. परंतु आपणही तोच मार्ग धरला, तर चषक घरी येईल आणि बापावरचा मुलाचा विश्वास घरातून जाईल.

पूर्वी या खेळात एक सुंदर रीत होती. फाउल झाला की ज्याच्याकडून तो घडला, तो खेळाडू सर्वांसमक्ष हात वर करीत असे. मिस्साच्या आरंभी आपणही छातीवर हात मारून आपले अपराध कबूल करतो. हात वर करून पुन्हा तितक्याच जोमाने बचावाला धावणारा मुलगा नम्रही असतो आणि लढवय्याही.

येत्या सामन्यानंतर मुले घरी आली, की गुण किती झाले हे जरूर विचारू या. त्याबरोबर एवढेही विचारू या, ‘समोरच्या संघात कोण चांगले खेळले?’