एका पंगतीत बसलो, पण बोललो का?



मिस्साबलिदानात शांतीचिन्ह देताना शेजारी कोण उभे आहे हे आपण पाहत नाही. पण मिस्सा संपल्यावर काय होते? विभागाचा नाताळ मेळावा असो, मे महिन्यात क्रुसासमोरची प्रार्थना व नंतरचे उकडलेले चणे असोत, खुर्च्या आपोआप गटागटाने मांडल्या जातात. नागालँड, मिझोराम, मेघालयातून नोकरीसाठी आलेली मुलेमुली एका कोपऱ्यात, आफ्रिकेतून आलेले बांधव दुसऱ्या कोपऱ्यात आणि आपण आपल्या माणसांत. कोणी कोणाला हाकललेले नसते, तरीही मध्ये भिंत असते. कोणाचा द्वेष केला नाही, एवढे ख्रिस्ती माणसाला पुरेसे आहे का?

हा प्रश्न किरकोळ नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या एका तरुण विद्यार्थ्याच्या दिसण्याची टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि तो प्राणास मुकला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. २०२० मध्ये साथीच्या काळात ईशान्येच्या लोकांना रस्त्यात 'करोना' म्हणून हिणवले गेले. टिंगल करणाऱ्यांना ती नेहमी थट्टाच वाटते. घाव कुठे बसला हे ज्याला लागले त्यालाच कळते. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा आपल्यालाही ते कळले होते. आपली किती मुले आज परदेशात आहेत! तिथे त्यांना जी वागणूक मिळावी असे आपल्याला वाटते, ती आपल्या दारी आलेल्याला मिळते का?

आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न सुटला नव्हता. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम अंत्युखियात मिळाले. तिथल्या शिक्षकांमध्ये 'निग्र', म्हणजे काळा, म्हटलेला शिमोन होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कुरेने गावचा लूक्य होता. अशा त्या अंत्युखियात पेत्र यहुदीतर बांधवांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमहून काही माणसे येताच तो मागे सरला आणि त्याच्यामागोमाग बर्णबाही गेला. तो भेद कातडीच्या रंगाचा नव्हता. पण फूट पडली ती जेवणाच्या पंगतीतच. पौल गप्प बसला नाही. पाठीमागे कुजबुजण्याऐवजी तो पेत्राशी सर्वांसमोर, तोंडावर बोलला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. "विषय काढला तर वातावरण बिघडेल" असे आपण म्हणतो. पण त्या स्पष्ट बोलण्याने ख्रिस्तसभा मोडली नाही. आजही २९ जूनला आपण पेत्र आणि पौल या दोघांचा सण एकत्र साजरा करतो.

मात्र बोलायला सुरुवात कशी करावी? हे प्रभू येशूने याकोबाच्या विहिरीवर दाखवले. यहुदी आणि शोमरोनी यांचे सख्य नव्हते. प्रभूने त्या शोमरोनी स्त्रीला आधी उपदेश केला नाही, तिच्यावर उपकारही केले नाहीत. त्याने तिच्याकडे पाणी मागितले. इथेच आपली गफलत होते. "आपण त्यांना सामावून घेऊ या" असे आपण म्हणतो, त्यात आपण यजमान आणि ते कायमचे पाहुणे राहतात. ज्याच्याकडे आपण काही मागतो, त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानतो. मागणाऱ्याचा हात थोडा खाली असतो. म्हणूनच संवाद नम्रतेतून सुरू होतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्रात संवादासाठी एक संपूर्ण प्रकरण दिले. त्याची सुरुवात आपल्या विभागातूनच होऊ शकते. त्यांच्या नावाचा उच्चार त्यांनाच विचारून नीट शिकू या. पुढच्या मेळाव्यात त्यांना नुसते बोलावू नये. त्यांच्या भाषेतले एक गीत मागावे, त्यांच्या घरचा एक पदार्थ मागावा, तयारीच्या बैठकीत त्यांचे मत मागावे. ओळख वाढली की "इथे राहताना तुम्हाला काय खुपते?" असे विचारावे आणि उत्तर येईल तेव्हा "तसे काही नसते हो" म्हणून त्यांचे तोंड बंद करू नये. ऐकणे हीही एक दयेची कृती आहे. आणि कोणी रंगावरून, डोळ्यांवरून टोपणनाव ठेवले, तर तिथल्या तिथे, प्रेमाने पण स्पष्ट सांगावे. तो आपलाच काका-मामा असला तरी!

एकाच भाकरीतून घेणारे आपण वेगवेगळ्या कोपऱ्यांत जेवावे, हे वेदीला शोभत नाही. येत्या मेळाव्यात आपली खुर्ची उचलून पलीकडे नेण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो.