वस्तू आणि तिचा आभास

मोजक्या साधनांत निवड करणाऱ्या माणसापुढे नीतीचे जे प्रश्न उभे राहतात, ते विपुलतेत जगणाऱ्यापुढे सहसा उभे राहत नाहीत. ज्याच्यापाशी पुष्कळ आहे, त्याला आपली चूक विसरता येते. ज्याच्यापाशी थोडे आहे, त्याची एकच चूक वर्षानुवर्षे त्याच्या अंगणात उभी असते. म्हणूनच एखाद्या विद्यार्थ्याने सायकल कोणती घ्यावी, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्नही विचारास पात्र ठरतो.

भिलाई हे सायकल ओळखणारे गाव आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे उभारलेल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. सेक्टरांच्या आखीव वसाहतीतून पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी, आणि त्यांत पोटापाण्यासाठी येथे आलेल्या मराठी कुटुंबांनीही, साधी, काळी, बिनगिअरची सायकल वापरली. ती डौलदार नव्हती. पण जे काम तिच्याकडून अपेक्षित होते, ते ती पूर्णपणे करीत असे. त्याच वसाहतीत वाढलेल्या, अथवा २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटीत शिकावयास आलेल्या तरुणाला आज दुसरीच सायकल खुणावते: रुंद टायरांची, पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, डोंगरावर चढणारी व दगडधोंड्यांवरून उतरणारी. खरी सायकल लाखाच्या पुढे जाते. तिच्यासारखी दिसणारी मात्र दहा-पंधरा हजारांतही मिळते. प्रश्न उद्भवतो तो या ‘सारखी दिसणारी’पाशी.

सस्पेन्शनचे कार्य दुहेरी असते. स्प्रिंग धक्का झेलते. परंतु झेललेली शक्ती ती स्वतःपाशी ठेवीत नाही, लगेच परत करते. त्या परतीला आवर घालण्यासाठी चांगल्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरमध्ये तेल अरुंद छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत विरून जाते. खर्च येतो तो या आवरण्याला. स्वस्त सायकलीत स्प्रिंग असते, आवर नसतो. परिणामी खड्ड्यातून बाहेर पडलेले चाक पुन्हापुन्हा उसळते, आणि चढावर पेडलला दिलेल्या जोरातला काही भाग सायकल पुढे नेण्याऐवजी तिला खालीवर हेलकावण्यात जातो. मागचा भाग ज्या सांध्यांवर हलतो, तेथे चांगल्या बेअरिंगऐवजी साधे बुश असतात. ते झिजले की मागचे चाक आडवे डोलू लागते. वजन वाढते ते वेगळेच. अशा रीतीने जे उपकरण श्रम हलके करण्यासाठी घेतले, तेच श्रम वाढविते.

न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणून एक संकल्पना आहे. जो हेतूसारखा भासतो, पण हेतूचे कार्य करीत नाही, तो हेत्वाभास. अनुमानातला हा दोष वस्तूंच्या जगातही आढळतो. स्वस्त सायकलीवरची ती जाडजूड स्प्रिंग वस्तूचे चिन्ह धारण करते, वस्तूचे कार्य करीत नाही. तो वस्त्वाभास म्हणावा. आणि ध्यानात घेण्याजोगे हे की, असा आभास श्रीमंतांना क्वचितच विकला जातो. त्याचा ग्राहक ठरलेला असतो: ज्याची इच्छा मोठी आणि खिसा लहान, तो.

यावर एक आक्षेप संभवतो, व तो गंभीर आहे. अल्पसंतुष्ट राहा, साध्यात सुख माना, हा उपदेश बहुधा ज्यांचे पोट भरलेले आहे तेच करीत आले आहेत. विद्यार्थ्याने डोंगराची इच्छाच करू नये काय? भिलाईभोवतीचा शिवनाथ नदीचा प्रदेश सपाट आहे हे खरे. पण कारखान्याला लोहखनिज पुरविणारे दल्ली-राजहऱ्याचे डोंगर दक्षिणेला फार दूर नाहीत, आणि ते पाहून एखाद्या तरुणाचे मन तिकडे धावले तर तो दोष नव्हे. अपरिग्रह हे व्रत स्वेच्छेने घेतले तरच व्रत. दुसऱ्याने लादले की ती केवळ वंचना होते.

या आक्षेपाचे उत्तर इच्छा सोडण्यात नाही, इच्छेचे प्रयोजन ओळखण्यात आहे. हवे आहे ते काय: डोंगर, की डोंगरावर जाणाऱ्याचे रूप? या खेळाचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, टाकाऊ सायकली दुरुस्त करून डोंगरउतारांवर घालू लागले. त्यांत सस्पेन्शन नव्हते. ज्या उतारावर १९७६ पासून त्यांच्या शर्यती झाल्या, त्याला ‘रिपॅक’ हे नाव पडले. कारण उतरताना मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. सायकलींसाठी सस्पेन्शनचे चिमटे बाजारात रुळले ते १९९०च्या सुमारास. म्हणजे डोंगर आधी आला, साधन मागाहून. टंचाईने त्यांना डोंगरापासून दूर ठेवले नाही, कारण त्यांनी वस्तूचे रूप नव्हे, तिचे कार्य मागितले.

यातून विद्यार्थ्यासाठी एक साधा निकष हाती येतो: वस्तूचा थोडा भाग खरा घ्यावा, पण संपूर्ण वस्तू खोटी घेऊ नये. त्याच पैशांत सस्पेन्शन नसलेली, परंतु चांगली चाके, विश्वासाचे ब्रेक आणि हलकी फ्रेम असलेली सायकल मिळू शकते. रुंद टायरांत हवा किंचित कमी ठेवली तर मुरमाच्या रस्त्यावरचे बरेच धक्के तीच शोषून घेते. काही काळ थांबता आले तर केवळ पुढे सस्पेन्शन असलेली बरी सायकल येते. दोन्हीकडचे हवेच असेल तर कोणी जपून वापरलेली जुनी शोधावी. मात्र बसक दाबून ती एकदाच वर येते की उसळत राहते, आणि मागचे चाक धरून आडवे हलवले तर सांधा वाजतो काय, हे आधी पाहावे. त्या दुरुस्तीचे सुटे भाग गावात मिळतात काय, हेही विचारावे. ही चौकशी म्हणजे कंजूषपणा नव्हे. जे पैसे बहुधा आईवडिलांच्या श्रमाचे असतात, त्यांचा मान राखण्याची ती रीत आहे.

भिलाईच्या कारखान्यात रेल्वेसाठी रूळ तयार होतात. रूळ सरळ व चकचकीत दिसला, एवढ्याने तो स्वीकारला जात नाही. डोळ्यांना न दिसणारा दोष शोधण्यासाठी त्याच्या अंतर्भागातून ध्वनिलहरी सोडून परीक्षा केली जाते, कारण आतली एखादी बारीक चीर पुढे अनेकांच्या जिवावर बेतू शकते. रुळाला लावली जाणारी ही कसोटी गरीब ग्राहकाच्या वाट्याला येणाऱ्या वस्तूंना लावली जात नाही. ती त्याला स्वतःच लावावी लागते. हा अन्याय आहे आणि विद्यार्थ्याच्या शहाणपणाने तो दूर होत नाही. परंतु दिसण्यापलीकडे पाहण्याची सवय ज्याला सायकल निवडताना लागली, तो पुढे विचार, माणसे आणि आश्वासने निवडतानाही आभासाला सहजी वश होणार नाही.