गुरूमध्ये उतरताना

स्वस्थ बसा. पाय जमिनीला टेकवा. जमीन तुम्हाला खालून रेटते आहे. तो रेटा थोडा वेळ जाणवू द्या. आता तो मनाने सोडून द्यायचा आहे, कारण आपण गुरूमध्ये उतरणार आहोत आणि तिथे पाय टेकायला काही नाही.

अमोनियाच्या गोठलेल्या ढगांच्या जरा खाली थांबा. इथला दाब आपल्या समुद्रकाठी असतो साधारण तेवढाच. तापमान मात्र उणे १०८ अंश आणि अंगाचं वजन अडीचपट. उंची-खोली मोजायला जमीन नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी या दाबाच्या पातळीलाच शून्य मानलं आहे. मला यात मोठा प्रामाणिकपणा वाटतो: रेघ आपणच आखली हे मान्य करायचं आणि पुढे जायचं.

७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने धाडलेली कुपी इथूनच पॅराशूटला लटकत खाली गेली. खाली जाताना वारा पडला नाही, वाढला. तासाभरात, शंभराहून अधिक किलोमीटर खोलीवर, बावीसपट दाबात तिचे संदेश थांबले. केंद्र अजून जवळजवळ ७०,००० किलोमीटर खाली होतं. या अंतरापाशी थोडं रेंगाळा.

आणखी खाली चला. हायड्रोजन दाट होत जातो. मन समुद्राची वाट पाहू लागतं: आता पृष्ठभाग येईल, वर हवा असेल, खाली द्रव. तो येत नाही. एवढ्या उष्णतेत आणि दाबात वायू आणि द्रव यांच्यामधली सीमाच उरत नाही. तिन्हीसांजेची रात्र नेमकी कधी झाली हे जसं सांगता येत नाही, तसंच हे. इथे घाई करू नका. ‘आधी’ आणि ‘नंतर’ वेगळे करायची सवय डोकं वर काढेल. काढू द्या, आणि उतरत राहा.

दाब दहा लाख वातावरणांच्या पलीकडे गेला की हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि त्यातून धातूसारखी वीज वाहते. हा पातळ धातू सतत ढवळला जातो, त्यात अख्खा ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी घेतो. गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र यातूनच उपजतं. या खोलीत हेलियमचे थेंब वेगळे होऊन झरत असावेत. तो पाऊस कुणी पाहिलेला नाही. पण त्या कुपीला वरच्या हवेत निऑन अपेक्षेच्या जेमतेम दशांश सापडला, आणि निऑन हेलियमच्या थेंबांत विरघळून खाली जातो.

मग गाभा तरी? २०१६ मध्ये गुरूपाशी पोहोचलेल्या जूनो यानाने त्याचं गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजलं. त्यावरून दिसतं की जड मूलद्रव्यंसुद्धा केंद्रापासून बरीच वरपर्यंत हायड्रोजनमध्ये मिसळून पसरली आहेत. ग्रह घडला तेव्हाची, साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची उष्णता आतून अजून वर येते आहे. सूर्याकडून मिळते त्याहून अधिक उष्णता गुरू अवकाशात सोडतो, आणि निवता निवता किंचित आक्रसतही जातो.