उरलेले कापड आणि अपरिग्रह

गरजेपेक्षा अधिक हाती आलेल्या वस्तूचा चांगला उपयोग केला, म्हणजे अपरिग्रह, अर्थात संग्रह न करण्याचे व्रत, पाळले गेले काय, हा प्रश्न विनयपिटक या बौद्ध भिक्षुसंघाच्या नियमग्रंथातील चुल्लवग्ग या भागातल्या एका संवादातून उभा राहतो. कौशांबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे तो काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, विरली आहेत त्यांना ती वाटली जातील; जुन्या चीवरांची पांघरुणे, पांघरुणांपासून गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग फडकी होतील आणि अखेर चिंध्या चिखलात कालवून लिंपणाला लावल्या जातील, असे आनंदाने सांगितले. संतुष्ट होऊन राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली, आणि खरी अडचण इथेच आहे, कारण सदुपयोगाने आधिक्य थांबले नाही, उलट वाढले.

गृहसजावटीत उरलेले पडद्यांचे कापड, गालिच्यांचे तुकडे आणि फेल्ट लाकडी चौकटीत बसवून जे शोभिवंत ध्वनिशोषक फलक केले जातात, त्यांनाही हाच प्रश्न लागू होतो. ध्वनिलहरी सच्छिद्र पदार्थात शिरल्या की आतली हवा तंतूंशी घासते, ध्वनीची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते आणि निनाद, म्हणजे मूळ आवाज थांबल्यावरही खोलीत घुमत राहणारा ध्वनी, कमी होतो. म्हणून वरचे कापड हवा खेळू देणारे लागते, रेक्झीन चालत नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहाचा निनाद भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून अभ्यासला, तो सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून. बसण्यासाठी केलेली वस्तू अशा रीतीने ध्वनिशास्त्राच्या पायाभरणीला लागली.

आनंदाच्या उत्तराचे मोल काटकसरीत नाही, तर प्रत्येक रूपाने पुढच्या रूपाला वाट मोकळी ठेवण्यात आहे. कापड, फेल्ट आणि प्लायवूड डिंकाने कायमचे चिकटवलेला फलक ही वाट बंद करतो, कारण त्याचे घटक पुन्हा सुटे होत नाहीत. कापड चौकटीच्या मागे दुमडून खिळ्यांनी ठोकले आणि आतले थर नुसतेच रचले, तर ती वाट उघडी राहते. आणि नक्षी पुरी व्हावी म्हणून नवे ठाण मागवून केलेला फलक, दिसायला कितीही सुंदर असला, तरी अपरिग्रहात बसत नाही.