जाती खऱ्या की मानलेल्या?

हिंदी महासागरातले दोन बॅराकुडा घ्या. दोघांचंही अंग लांबट, खालचा जबडा पुढे आलेला, दात धारदार. शास्त्रात एक स्फायरिना बॅराकुडा, दुसरा स्फायरिना जेलो. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजले, तर पहिल्याचे 80 च्या आसपास भरतात, दुसऱ्याचे 120 च्याही वर. धर्मकीर्तीच्या परंपरेतला बौद्ध इथे विचारेल, की हा भेद केला कुणी? खरे ते एकेक मासे; जाती म्हणजे बुद्धीने इतरांना वगळून (यालाच ते अपोह म्हणतात) केलेली सोय. प्रश्न रास्त आहे, आणि सामान्य, म्हणजे जाती, हे नित्य असून अनेकांत समवेत (अतूट संबंधाने राहणारं) असतं, एवढ्या नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाच्या, उत्तराने तो सुटत नाही. मला उत्तर दिसतं ते त्या आकड्याबरोबर आणखी काय येतं त्यात. मोठ्या खवल्यांच्या पहिल्या माशाच्या पोटाकडच्या बाजूला शाईचे शिंतोडे उडावेत तसे डाग असतात, काळसर शेपटीची टोकं पांढरट. जेलोला ते डाग नाहीत आणि शेपटी पिवळसर. खवल्यांच्या संख्येवरून शेपटीचा रंग तर्काने निघत नाही. भेद निव्वळ सोयीचा असता, तर न पाहिलेली खूण इतक्या इमानाने पाहिलेल्या खुणेमागे आली नसती.

यावर कोणी लिनियसकडे बोट दाखवेल. 1758 साली त्याने भूमध्य समुद्रातला बॅराकुडा गोड्या पाण्यातल्या पाइकच्या एसॉक्स या प्रजातीत घातला. आज जनुकांवरून बॅराकुडाची सोयरीक पाइकपेक्षा लेपसारख्या चपट्या माशांशी जवळची ठरते. मग वर्ग माणूसच ठरवतो ना? उलट, चूक ठरायला ताडून पाहण्याजोगं काही बाहेर असावं लागतं. नैयायिक उदयनाचार्यांनी जातीच्या बाधकांत, म्हणजे एखादा वर्ग खरी जाती ठरू न देणाऱ्या कारणांत, संकर (वर्गांनी एकमेकांना अर्धवट छेदणं) धरला आहे. ‘लांब तोंडाचा शिकारी मासा’ हा वर्ग वंशांना असा आडवा छेदतो, की तो तिथेच बाद व्हावा.

खरी अडचण डार्विनची. 1859 नंतर जाती नित्य म्हणता येत नाही. ती उपजते, फुटते, संपते, आणि फुटताना सीमा धूसरच असते. नैयायिकांनी ‘नित्य’ सोडावं, हे उत्तम. पण अनित्य म्हणून कल्पित, असं बौद्धाला तरी म्हणता येणार नाही. त्याच्या लेखी जे सत् ते क्षणिकच. आणि धर्मकीर्तीची खरेपणाची कसोटी अर्थक्रिया, म्हणजे कार्य घडवण्याची ताकद. जेलोच्या अंड्यातून जेलोच निपजतो, शेपटीच्या रंगासकट, मग कुणी नाव ठेवो न ठेवो. आणि ते कार्य एकट्या माशाचंही नाही, त्याला त्याच वंशातला जोडीदार लागतो. बौद्ध म्हणेल, वंश हा नुसता संतान, क्षणांचा प्रवाह. असेना. तो प्रवाह दुसऱ्यापासून वेगळा राहतो तो आपण वगळल्यामुळे नाही, आणि अपोहवाद्याशी माझा वाद एवढाच आहे.